वाचाघाताची लक्षणे आणि मराठीचे व्याकरण : एक परीक्षण

१

राहुरी तालुक्यात एखाद्या वयस्क माणसाची उजवी बाजू एकाएकी लुळी पडली, तर घरची माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. आणि त्याबरोबर बोलणेही थांबले, तर ‘वाचा बसली’ असे म्हणतात. हे दोन्ही वाक्प्रचार केवळ अज्ञानातून आलेले नाहीत. वाताने अंग लुळे पडते ही कल्पना आयुर्वेदाची आहे. शब्दवाहिनी धमन्यांना कफयुक्त वायूने आवरण घातले म्हणजे माणूस मूक, मिन्मिण किंवा गद्गद होतो, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. दोष जिभेत नसून शब्द वाहून नेणाऱ्या मार्गात आहे, हे त्या उपपत्तीतील मर्म आजही विचारात घेण्याजोगे आहे. तो मार्ग मेंदूत आहे, एवढे मात्र त्या काळी उमगलेले नव्हते.

परंतु ‘वाचा’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना लावला जातो, आणि तेथून घोटाळ्यास आरंभ होतो. कंठाच्या विकाराने आवाज जातो, ही एक गोष्ट. ओठ, जीभ व टाळू हलविणारे स्नायू दुर्बळ झाल्याने उच्चार बोबडे होतात, पण शब्द व वाक्यरचना शाबूत असतात, ही दुसरी. स्नायू चांगले असूनही हवा तो शब्द सापडत नाही, प्रत्यय जुळत नाहीत, किंवा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लागत नाही, ही तिसरी. मनाच्या विकाराने माणूस असंबद्ध बोलतो, ही चौथी. ह्यांपैकी तिसऱ्या अवस्थेलाच वाचाघात म्हणणे योग्य होय. तीत वाचेचा नव्हे, तर भाषेचा घात झालेला असतो. ज्या वाचाघातात रुग्ण भरभर बोलतो पण बोलण्यातून अर्थ निघत नाही, त्यात पुष्कळदा अंग लुळे पडलेले नसते. मग ‘वारं गेलं’ हे निदान सुचत नाही, आणि त्या माणसास भ्रमिष्ट ठरविले जाते किंवा त्याला ‘बाहेरचे’ काही झाले असे मानले जाते. नावाच्या घोटाळ्यामुळे उपचारच चुकण्याची ही जागा आहे.

लोकभाषेतील ह्या घोटाळ्याकडे शास्त्राचे अभ्यासक सहज बोट दाखवतात. तथापि शास्त्रातही त्याहून सूक्ष्म असा एक घोटाळा मुरलेला आहे, आणि त्याचेच परीक्षण येथे करावयाचे आहे. वाचाघाताची जी लक्षणे पाठ्यपुस्तकांतून शिकविली जातात, ती मेंदूची लक्षणे म्हणून सांगितली जातात. प्रत्यक्षात त्यांतील बराच भाग फ्रेंच, जर्मन व विशेषतः इंग्रजी ह्या भाषांच्या व्याकरणाचा आहे. ती लक्षणे मराठी रुग्णाला जशीच्या तशी लावली असता दोष नाही तेथे दोष दिसतो, आणि आहे तेथे तो निसटतो.

२

अभिजात उपपत्तीचा इतिहास थोडक्यात असा. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका ह्याने, ‘टान’ ह्या एका अक्षरापलीकडे फारसे काही बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली आणि डाव्या ललाटखंडाच्या खालच्या-मागच्या भागात विकृती दाखविली. १८७४ साली कार्ल वेर्निके ह्याने डाव्या शंखखंडाच्या वरच्या-मागच्या भागातील विकृतीमुळे आकलन बिघडते, बोलण्याचा ओघ मात्र कायम राहतो, असे प्रतिपादन केले. १८८५ साली लिश्टहाइमने ह्या केंद्रांना रेषांनी जोडून एक आकृती सिद्ध केली. त्या आकृतीतील कोणती रेषा तुटली असता कोणते लक्षण दिसेल, हे आधीच सांगता येऊ लागले. १९६५ साली नॉर्मन गेश्विंडने ह्या परंपरेचे पुनरुज्जीवन केले, आणि ‘बोलण्याचे केंद्र’ व ‘समजण्याचे केंद्र’ ही जोडी सर्वत्र रूढ झाली.

ह्या आकृतीवर आक्षेप मुळापासूनच होते. सिग्मुंड फ्रॉइडने १८९१ मध्येच, मनोविश्लेषणाच्या आधी, केंद्रांच्या ह्या भूगोलावर टीका केली होती. १९७८ साली मोरने असे दाखविले की, केवळ ब्रोकाच्या क्षेत्रापुरता रक्तपुरवठा तुटला तर वाचेचा विकार बहुधा लवकर ओसरतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या लक्षणसमूहाला बरीच मोठी आणि खोल विकृती लागते. २००७ साली ड्रॉन्कर्स आणि सहकारी ह्यांनी ब्रोकाच्या मूळ रुग्णांचे जतन केलेले मेंदू चुंबकीय प्रतिमायंत्राने तपासले. त्यांतील विकृती पृष्ठभागाखाली, लांब पल्ल्याच्या तंतुपथांपर्यंत पोहोचलेली आढळली. म्हणजे ज्या रुग्णावरून क्षेत्राला नाव मिळाले, त्याचाच विकार त्या क्षेत्रापुरता नव्हता. त्याच वर्षी हिकॉक व पोपेल ह्यांनी दोन प्रवाहांची उपपत्ती सविस्तर मांडली : एक प्रवाह ध्वनीकडून अर्थाकडे, दुसरा ध्वनीकडून उच्चाराकडे. आज मेंदूतील भाषाव्यवहार हा दोन ठाण्यांतील तारव्यवहार नसून दूरवर पसरलेल्या जाळ्याचे काम आहे, ह्याबद्दल फारसा मतभेद राहिलेला नाही.

कारणांचा विचार केला असता अभिजात वर्गीकरणाची आणखी एक मर्यादा ध्यानात येते. प्रौढ वयातील वाचाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मेंदूतील रक्तवाहिनी तुंबणे किंवा फुटणे. डोक्याची इजा, गाठ, क्षयजन्य मेंदूआवरणदाह ही अन्य कारणे होत. शिवाय १९८२ साली मेसुलमने वर्णिलेला, भाषेपासूनच आरंभ होऊन हळूहळू वाढत जाणारा ऱ्हासही आहे. रक्तवाहिनीच्या आघाताने विकार क्षणार्धात येतो आणि पुढे काही अंशी सुधारतो. ऱ्हासजन्य विकार चोरपावलांनी येतो आणि वाढतच जातो. अभिजात लक्षणसमूह हे मुख्यतः पहिल्या प्रकारावरून बांधलेले आहेत. मेंदूच्या मध्य धमनीच्या वरच्या शाखेचा प्रदेश आणि खालच्या शाखेचा प्रदेश अशी त्यांची विभागणी आहे. तेव्हा ‘ब्रोकाचा वाचाघात’ हे नाव भाषेच्या एका शक्तीचे नसून पुष्कळ अंशी एका धमनीच्या मुलुखाचे आहे. त्या मुलुखात स्नायूंना चालना देणारा भागही येतो. म्हणूनच अडखळत्या बोलण्याबरोबर उजवी बाजू लुळी पडते, आणि ओघवत्या पण निरर्थक बोलण्याबरोबर ती पुष्कळदा पडत नाही.

शरीररचनेच्या बाजूने ही उपपत्ती अशी दुरुस्त होत आली. भाषेच्या बाजूने मात्र तिची तितकी कसून तपासणी झालेली नाही. ह्या अर्ध्या राहिलेल्या कामातच मराठीच्या अभ्यासकाला जागा आहे.

३

अडखळत्या वाचाघातात जे बोलणे ऐकू येते, त्याला पाठ्यपुस्तके ‘तारेची भाषा’ म्हणतात. नामे व धातू उरतात. प्रत्यय, उपपदे, साहाय्यक क्रियापदे गळतात. ह्या अवस्थेस व्याकरणलोप असे म्हणता येईल. परंतु हे वर्णन इंग्रजीला चपखल बसते ह्याचे कारण इंग्रजीत आहे. इंग्रजी क्रियापदाचा प्रत्यय गळाला तरी मागे उरलेला धातू हा स्वतंत्र, उच्चारण्याजोगा आणि वाक्यात चालणारा शब्द असतो. गळणे तेथे सोपे आहे.

हिब्रूत तसे नाही. तेथे धातू हा केवळ व्यंजनांचा सांगाडा असतो; स्वर घातल्याखेरीज तो उच्चारताच येत नाही. १९८४ साली ग्रोड्झिन्स्कीने दाखविले की, हिब्रू रुग्ण प्रत्यय गाळत नाहीत, तर एकाच्या जागी दुसरा घालतात. १९९० साली मेन व ओब्लर ह्यांनी चौदा भाषांतील रुग्णांची कथने एकत्र प्रसिद्ध केली. त्यांत हिंदीही होती. त्या संग्रहातून हेच निष्पन्न झाले की, लोप हे व्याकरणलोपाचे सार्वत्रिक लक्षण नव्हे. प्रत्येक भाषा आपल्या घडणीप्रमाणे मोडते.

मराठी कशी मोडेल? ह्याचे उत्तर रुग्णांच्या बोलण्याची नोंद करूनच द्यावे लागेल. पण प्रश्न कोठे विचारावयाचे, हे व्याकरण आधीच सांगू शकते. पुढील उदाहरणे त्या दृष्टीने रचलेली आहेत. ती रुग्णांची वाक्ये नव्हेत.

प्रथम क्रियापद घ्यावे. मराठीत प्रत्ययहीन धातू हा शब्द आहे खरा, पण तो आज्ञार्थ आहे. आणि तोही ‘तू’ म्हणावयाच्या माणसाला केलेल्या आज्ञेचा. ‘बस’, ‘खा’, ‘दे’, ‘ऊठ’ ही सर्व रूपे अशीच आहेत. म्हणून मराठीत प्रत्यय गळाला तर ऐकणाऱ्याला उणीव जाणवत नाही. दुसराच अर्थ जाणवतो. सुनेला सासऱ्यांना ‘बसा’ म्हणावयाचे आहे आणि ओठांवर ‘बस’ आले, तर ते व्याकरणाचे लक्षण म्हणून कोणाच्या ध्यानात येणार नाही. उद्धटपणा म्हणून येईल. आदरार्थी रूप जाणे ही मराठी घरात सामाजिक आपत्ती आहे. रुग्णाच्या नातलगांना हे समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग ठरावा. परंतु इंग्रजीवरून घेतलेल्या लक्षणांच्या यादीत आदरार्थाला स्थानच नाही, कारण इंग्रजी क्रियापदाला ते रूप नाही.

नामाचा विचार अधिक फलदायी आहे. मराठी नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी सामान्यरूप होते : शेत–शेता–शेतात, घोडा–घोड्या–घोड्याला, पाणी–पाण्या–पाण्यावर. आता ‘शेतात’ म्हणू इच्छिणाऱ्या रुग्णाचा प्रत्यय गळाला, तर त्याच्या तोंडून ‘शेत’ येईल की ‘शेता’? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्यात दोन उपपत्तींचा निकाल दडलेला आहे. ‘शेत’ आले तर असे म्हणता येईल की, रूपाची जुळणी झालीच नाही. रुग्ण कोशातील मूळ शब्दाकडे परतला. ‘शेता’ आले तर जुळणी अर्ध्यावर पोहोचली होती. नाम प्रत्ययासाठी सिद्ध झाले होते, प्रत्यय मात्र हाती लागला नाही. ‘शेता’ हा व्यवहारात स्वतंत्रपणे उच्चारला जाणारा शब्द नव्हे. म्हणून तो ऐकू आला तर त्याची साक्ष मोलाची मानली पाहिजे. मात्र ‘विहीर’सारख्या शब्दात हीच साक्ष संदिग्ध होते. ‘विहिरीत’मधील ‘त’ गळाल्यावर उरणारे ‘विहिरी’ हे सामान्यरूपही आहे आणि अनेकवचनही आहे. ‘आई’सारख्या नामात तर सामान्यरूप व मूळरूप ह्यांत भेदच नाही. तेव्हा चाचणीसाठी नामे निवडताना त्यांचा सामान्यरूपाचा वर्ग पाहिला पाहिजे. शब्दांची वारंवारता आणि लांबी पाहून केलेली निवड मराठीत पुरेशी नाही.

इंग्रजीला जो प्रश्न विचारता येत नाही, तो मराठीला विचारता येतो. म्हणजे मराठी रुग्णाचे बोलणे हे परकीय सिद्धान्ताच्या पडताळ्याचे केवळ आणखी एक उदाहरण नसून त्या सिद्धान्ताच्या घडणीला उपयोगी पडणारी सामग्री आहे.

४

ह्याहून गुंतागुंतीचे प्रकरण प्रयोगांचे आहे. १९९७ साली फ्रीडमन व ग्रोड्झिन्स्की ह्यांनी एका हिब्रू रुग्णाच्या अभ्यासावरून असा सिद्धान्त मांडला की, व्याकरणलोपात काळाची रूपे बिघडतात, पण कर्त्याशी असणारा लिंग-वचन-पुरुषाचा मेळ टिकून राहतो. वाक्यरचनेच्या वृक्षात काळाचे स्थान वरचे आणि मेळाचे खालचे असून व्याधीने वृक्षाचा वरचा भाग छाटला जातो, अशी त्यांची उपपत्ती होती. हा सिद्धान्त मराठीत तपासावयाचा तर काळ आणि मेळ वेगळे काढता आले पाहिजेत. मराठीच्या घडणीत ते सहजासहजी वेगळे निघत नाहीत.

‘तो भाकरी खातो’ ह्या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘त्याने भाकरी खाल्ली’ ह्यात ते कर्माप्रमाणे चालते, आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात ज्या कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे, ती परीक्षेपुरती पाठ करण्याची बाब नसून मराठी वाक्याचा कणा आहे. काळ बदलला की मेळाचा धनी बदलतो.

आता एखाद्याने ‘तो भाकरी खाल्ला’ असे म्हटले, तर चूक कोणती? एक वाचन असे की, ‘ने’ गळाला आणि मग प्रत्ययहीन कर्त्याशी क्रियापदाने नियमाप्रमाणे मेळ साधला. म्हणजे दोष विभक्तीचा, मेळाची यंत्रणा शाबूत. दुसरे वाचन असे की, मेळच चुकला आणि कर्त्याचे रूप त्यामागून ओढले गेले. तिसरे असे की, दोन्ही यंत्रणा शाबूत आहेत, केवळ प्रयोगाची निवड चुकली. कारण ‘तो धडा शिकला’, ‘तो निरोप विसरला’, ‘ती खोटे बोलली’ ह्या वाक्यांत सकर्मक क्रियापद भूतकाळातही कर्तरीच राहते, आणि रुग्णाने ‘खाणे’ चुकून त्या वर्गात घातले. शिवाय ‘तो जेवला’ ह्या अर्थाने निकटच्या वाक्याची छायाही पडलेली असणे शक्य आहे. इंग्रजीच्या साच्यातील तक्त्यात ह्या वाक्यापुढे ‘मेळाची चूक, एक’ एवढीच नोंद होईल. ती नोंद चुकीची असेलच असे नाही. पण ती विश्लेषणाच्या आधीच केलेली आहे.

ह्यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. काळाची परीक्षा घ्यावयाची असेल तर ‘शिकणे’, ‘विसरणे’, ‘बोलणे’ ह्या वर्गातील किंवा अकर्मक क्रियापदे घ्यावीत. त्यांत मेळाचा धनी तोच राहतो. तरीही वर्तमान व भूतकाळात लिंगाचा भेद दिसतो (शिकतो–शिकते, शिकला–शिकली) आणि भविष्यकाळात तो दिसत नाही (शिकेल), एवढे भान ठेवले पाहिजे. दुसरा निष्कर्ष मुलाखतीसंबंधीचा आहे. ‘तुम्हांला काय झाले, सांगा’ हा नेहमीचा पहिला प्रश्न रुग्णाला प्रथमपुरुषात बोलावयास लावतो. आणि मराठीत ‘मी’ व ‘तू’ ह्यांना ह्या रचनेत ‘ने’ लागतच नाही. ‘मी भाकरी खाल्ली’ हे वाक्य ‘ने’ हरवलेला रुग्णही निर्दोष म्हणू शकेल. स्वतःविषयीचे बोलणे हा दोष झाकते. दुसऱ्याची हकीकत सांगावयास लावल्यावाचून त्याचा पत्ता लागणार नाही.

आकलनाच्या चाचणीतही हीच गोष्ट आढळते. १९७६ साली कॅरमॅझा व झुरिफ ह्यांनी दाखविले की, कर्ता व कर्म ज्यांत उलटसुलट होऊ शकतात अशी वाक्ये अडखळत्या वाचाघाताच्या रुग्णांना समजत नाहीत. इंग्रजीत ह्यासाठी कर्मणी वाक्ये वापरली जातात. त्यांचे भाषांतर ‘मुलाकडून मुलगी ढकलली गेली’ असे केले, तर ते वाक्य निरोगी राहुरीकरालाही अडखळवील; कारण असे कोणी बोलत नाही. मराठीतील खरी कसोटी ‘बैलानं माणसाला ढकललं’ आणि ‘माणसाला बैलानं ढकललं’ ह्या जोडीत आहे. क्रम बदलला, अर्थ बदलला नाही. येथे रुग्ण क्रमावर विसंबतो की प्रत्ययावर, हे स्पष्ट दिसेल. आणि वाक्य तर बांधावर ऐकू येणारे आहे.

५

‘चूक’ हा शब्द येथवर जणू त्याचा अर्थ ठरलेला आहे अशा रीतीने वापरला. तो कोणाच्या मराठीच्या तुलनेने ठरवावयाचा, हा प्रश्न उरतोच. राहुरीसारख्या ठिकाणी त्याला टाळता येत नाही.

राहुरी परिसरातील ग्रामीण बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ सर्रास येतो : पानी, लोनी, कोन. ‘वेळ’चे ‘येळ’, ‘होतं’चे ‘व्हतं’, ‘विळा’चे ‘इळा’ होते. प्रमाण मराठीत छापलेल्या चाचणीत ‘पाणी’ हा शब्द पुन्हा म्हणावयास सांगितला आणि रुग्णाने ‘पानी’ म्हटले, तर परीक्षकास ती ध्वनींची अदलाबदल वाटू शकते. आणि ध्वनींची अदलाबदल हे तर वाचाघाताचे मान्य लक्षण आहे. वास्तविक रुग्णाने आपल्या बोलीतील शब्द अचूक उच्चारलेला असतो.

ह्याच्या उलट बाजूही आहे. ‘मी काम केलो’ हे वाक्य राहुरीत जन्मलेल्या वृद्धाच्या तोंडी आले, तर त्याची दखल घेतली पाहिजे, कारण तेथील घडण ‘म्या काम केलं’ किंवा ‘मी काम केलं’ अशी आहे. तेच वाक्य उदगीर, नांदेड किंवा सोलापूरकडील माणसाच्या तोंडी पूर्णपणे स्वाभाविक आहे. त्या पट्ट्यातील मराठीत भूतकाळी क्रियापद कर्त्याशी मेळ साधताना सर्रास ऐकू येते. म्हणजे एकच वाक्य एका तालुक्यात लक्षण आहे आणि दुसऱ्या तालुक्यात व्याकरण आहे. राहुरीत ही अडचण काल्पनिक नव्हे. १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे तेथे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून अध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी आले. उसाच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणी करणारी कुटुंबे नगर जिल्ह्यात येतात. एकाच रुग्णालयाच्या बाकावर मराठीच्या तीन-चार व्याकरणांची माणसे बसलेली असू शकतात. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने हाती घेतलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात नेमक्या अशाच भेदांची नोंद केली जात आहे. त्या नोंदी केवळ बोलीविज्ञानाच्या कपाटात न राहता वाक्चिकित्सकाच्या टेबलावर गेल्या पाहिजेत.

अक्षरओळखीचा प्रश्न तितकाच निकडीचा आहे. १९९८ साली कास्त्रो-काल्दास आणि सहकारी ह्यांनी पोर्तुगालमधील निरक्षर व साक्षर स्त्रियांची तुलना केली. अर्थपूर्ण शब्द पुन्हा म्हणण्यात फरक थोडा होता. निरर्थक शब्द पुन्हा म्हणताना निरक्षर स्त्रिया पुष्कळच मागे पडल्या, आणि त्या वेळी मेंदूतील क्रियेचे चित्रही वेगळे दिसले. त्यांना कोणताही विकार नव्हता. जी परीक्षा शाळेचा संस्कार मोजते ती व्याधीचे मोजमाप म्हणून वापरली, तर शाळेत न गेलेली शेतकरी स्त्री तिच्यात आरंभीच नापास होते. चित्रांची नावे सांगण्याच्या चाचणीतही तसेच. अमेरिकेत रूढ झालेल्या चित्रसंचात इग्लू आणि स्फिंक्स आहेत. त्यांच्या जागी पाभर आणि मोट घातल्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. मोट पाहिलेली पिढी वृद्ध झाली आहे आणि तरुण रुग्णाने ती पाहिलेलीच नसेल. चित्रांची निवड प्रदेशाबरोबर वयाचीही दखल घेणारी असावी लागते.

हा वाद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने वाचाघातामुळे येणारी कायमची वाक् व भाषाविषयक अक्षमता ही दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून मान्य केली आहे. त्या कायद्याखालील लाभांसाठी प्रमाणपत्र लागते; प्रमाणपत्रात दोष टक्क्यांत सांगावा लागतो; आणि टक्के ठरवावयाचे म्हणजे चाचणी आली. केर्टेसच्या बहुप्रचलित पाश्चात्त्य चाचणीत शंभरापैकी ९३.८ च्या खाली गुणांक गेला की वाचाघात मानतात. निरोगी आणि रुग्ण ह्यांच्यामधील पट्टी जेथे इतकी अरुंद आहे, तेथे ‘पानी’, ‘येळ’ आणि न पाहिलेली वस्तू ह्यांपोटी कापले गेलेले चार-सहा गुण माणसाला रेषेच्या अलीकडचा पलीकडे नेऊ शकतात. उलट, स्वतःविषयी सफाईने बोलणाऱ्या रुग्णाचा प्रयोगांचा दोष हुकला, तर ज्याला साहाय्य मिळावयास हवे तो त्यास मुकतो.

६

लक्षणांच्या यादीत काय गेले ह्याचीच नोंद असते. काय राहिले ह्याची क्वचित असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्यूलिंग्ज जॅक्सन ह्याने विचारपूर्वक रचलेले बोलणे आणि आपोआप येणारे बोलणे असा भेद केला होता. पहिले गेले तरी दुसरे पुष्कळदा उरते : अंक, वार, शिव्या, प्रार्थना. मराठी ग्रामीण जीवनात ह्या दुसऱ्या प्रकारचा साठा विलक्षण मोठा आहे. राहुरी तालुक्यातील ताहाराबाद हे महिपतींचे गाव. त्यांचा ‘भक्तिविजय’ १७६२ साली पूर्ण झाला, आणि तेव्हापासून त्याचे श्रवण-वाचन चालत आले आहे. हरिपाठ तर पुष्कळ निरक्षर वारकऱ्यांनाही मुखोद्गत असतो. घोटभर पाणी मागता न येणारा रुग्ण हरिपाठाचा अभंग टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू शकला, तर त्यात चमत्कार नाही आणि ढोंगही नाही. ‘देवाचं म्हणतो, मग आमच्याशी का बोलत नाही’ हा घरच्यांचा राग मात्र अस्थानी आहे.

ह्या साठ्याचा उपचारात उपयोग किती, ह्याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. १९७३ साली बोस्टनमध्ये गेय उपचारपद्धती पुढे आली, तेव्हा मेंदूचा उजवा अर्धा भाग गाण्याद्वारे बोलण्याचे काम उचलतो, अशी आशा होती. २०११ साली श्टाल आणि सहकारी ह्यांनी दाखविले की, त्या परिणामात सुरावटीपेक्षा ताल आणि शब्दांचा पूर्वपरिचय ह्यांचा वाटा मोठा आहे. ओवी व अभंग ह्यांत ह्या दोन्ही गोष्टी आहेत. परंतु पाठ असलेले म्हणता येणे म्हणजे नवे वाक्य रचता येणे नव्हे. अभंगाच्या ठेक्यावर ‘मला पाणी द्या’ बसविणे हा उपचार होईल, नुसता अभंग म्हणवून घेणे हे सांत्वन होईल. दोहोंनाही स्थान आहे. त्यांची गल्लत करू नये. वाक्चिकित्सेचा उपयोग होतो, असा कौल २०१६ च्या कोक्रेन परीक्षणाने दिला आहे. तेव्हा ‘वाचा बसली, आता काय’ ह्या हताशपणाला आधार उरलेला नाही.

७

ह्या सर्व प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. मेंदू राहुरीचा असो की पॅरिसचा, धमन्या त्याच आहेत. मग प्रत्येक भाषेसाठी वेगळा वाचाघात मानावयाचा काय? तसे मानण्याचे कारण नाही. विकृती मेंदूत होते आणि मेंदूची घडण सर्वत्र एकच आहे. पण ती विकृती ज्या खिडकीतून दिसते, ती खिडकी भाषेची आहे. इंग्रजीच्या खिडकीतून जो लोप दिसला, तो हिब्रूच्या खिडकीतून बदल म्हणून दिसला. व्याधी बदलली नव्हती. सार्वत्रिक नियम हवा असेल तर तो ‘प्रत्यय गळतात’ असा न मांडता ‘रूपाची जुळणी अमुक पायरीवर थांबते’ असा मांडावा लागेल, आणि ती पायरी कोणती हे मराठीचे सामान्यरूप कदाचित अधिक स्पष्टपणे दाखवू शकेल. भाषाविशिष्ट वर्णन हा सार्वत्रिकतेला विरोध नसून तिची पूर्वअट आहे.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. चाचणी सर्वत्र एक असली म्हणजे तुलना करता येते; तालुक्यागणिक बदलली तर कशाची तुलना कशाशी करावयाची? ह्याला उत्तर असे की, शब्द एक ठेवल्याने तुलना साधत नाही, अवघडपणा एक ठेवल्याने साधते. ‘ढकलली गेली’ हे वाक्य इंग्रजी कर्मणी वाक्याचे शब्दशः प्रतिरूप असेल. पण अवघडपणात ते त्याच्याशी समान नाही.

वाचाघाताच्या अभ्यासात भाषाशास्त्रज्ञ वैद्यांच्या मागून आला, आणि मराठीच्या बाबतीत तर तो अजून दारातच आहे. म्हैसूर येथे १९६५ साली आणि मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थांमुळे वाक्चिकित्सेचे शिक्षण देशात रुजले. लोणीसारख्या ग्रामीण भागात वैद्यकीय महाविद्यालय उभे राहून चार दशके झाली. रुग्ण आहेत, वैद्य आहेत, चिकित्सकही तयार होत आहेत. उणीव आहे ती वर्णनाची : सामान्यरूपांच्या वर्गांनुसार निवडलेल्या शब्दयाद्यांची, प्रयोगभेद लक्षात घेऊन रचलेल्या वाक्यांची, त्या त्या बोलीतील निरोगी माणसांच्या बोलण्याच्या नोंदींची, आणि रुग्णांच्या कथनांच्या जशाच्या तशा, दुरुस्त न केलेल्या लेखांची. ह्यांपैकी एकाही कामाला मौल्यवान यंत्र लागत नाही. व्याकरण लागते, चांगला कान लागतो, आणि समोरचा माणूस ज्या मराठीत बोलत होता ती मराठी खरी आहे, हे मान्य करावे लागते.